ह्वांगशानचे हिरवे पान

१. बाजारातला प्रश्न

गोंडपिपरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी किराण्याच्या दुकानांत चायपत्तीच्या नेहमीच्या पुड्यांशेजारी अलीकडे ‘ग्रीन टी’ असे नाव छापलेली लहानशी पेटीही मांडलेली दिसते, आणि ती हातात घेऊन उलटसुलट न्याहाळणारे गिऱ्हाईक दुकानदाराला पहिला प्रश्न विचारते तो असा: “भाऊ, या हिरव्या चायचं झाड येगळं राहते का?” दुकानदार बहुधा होकार देतो, कारण रंग निराळा, किंमत निराळी, तेव्हा झाडही निराळेच असणार, हे अनुमान वरवर पाहता सयुक्तिकच आहे. त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न मात्र दुकानदारालाही निरुत्तर करतो: “मंग एवढं जंगल आहे आपल्याकडं, त्यात काऊन नाही येत हा चाय?”

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपण या प्रकरणात चीन देशाच्या आन्ह्वेइ प्रांतातील एका पर्वताकडे जाणार आहोत. पर्वताचे नाव ह्वांगशान, म्हणजे पीतगिरी, आणि त्याच्या उतारांवर होणाऱ्या चहाचे नाव ह्वांगशान माओफंग. ‘माओ’ म्हणजे लव आणि ‘फंग’ म्हणजे शिखर. चहाच्या कोवळ्या अंकुरावर जी रुपेरी लव असते आणि त्याचे टोक जे शिखरासारखे निमुळते असते, त्यावरून हे नाव पडले. चीनमध्ये हिरव्या चहाचे शेकडो प्रकार आहेत. त्यांतून हाच निवडण्याचे कारण असे की, गिऱ्हाइकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या एकाच मुलखात, एकमेकांना लागून असलेल्या डोंगरांवर, डोळ्यांनी पाहावयास मिळते.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. आपल्या परसात उगवणारा आणि पावसाळ्यात आल्याबरोबर उकळून घेतला जाणारा गवती चहा हा या अर्थाने चहाच नव्हे. ते एक सुगंधी गवत आहे. त्याचा रंग हिरवा असतो एवढ्यावरून त्याला हिरवा चहा समजू नये.

२. झाड एकच

चहाचे झाड कॅमेलिया या कुळीतले. त्याचे मुख्य प्रकार दोन: बारीक पानांचा, थंडी सोसणारा चिनी प्रकार, आणि रुंद पानांचा, उष्ण व दमट हवेत फोफावणारा आसामी प्रकार. या दोहोंपैकी कोणत्याही झाडाच्या पानापासून काळा चहाही करता येतो आणि हिरवाही. चव कमीअधिक साधते, हे खरे. परंतु हिरव्या चहाचे म्हणून निराळे झाड सृष्टीत नाही.

दुकानदाराची जी चूक होते ती मोठमोठ्या विद्वानांचीही झालेली आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. सर्व वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत ज्याने रूढ केली, त्या स्वीडनच्या लिनीअसने १७६२ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत काळ्या चहाची एक आणि हिरव्या चहाची दुसरी अशा दोन स्वतंत्र जाती नोंदविल्या. चीनच्या बादशाहीत परकीयांना बंदरांपलीकडे जाण्याची परवानगी नसल्यामुळे युरोपातील व्यापारी पेट्यांत भरलेला तयार चहा तेवढा पाहत, आणि झाड पाहण्याचा योग कोणाला सहसा येत नसे. पेटीतल्या रंगावरून झाडाची कल्पना करणे त्यांना भाग पडले.

हा भ्रम निर्णायकपणे दूर केला तो रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असताना, १८४८ साली, डोक्याचा पुढचा भाग मुंडवून, मागे वेणी बांधून आणि चिनी पोषाख चढवून, आपण चीनच्या भिंतीपलीकडच्या दूरच्या प्रांताचे रहिवासी आहोत अशी बतावणी करीत तो नदीमार्गाने ह्वांगशानच्या परिसरात, सुंगलो नावाच्या चहाच्या जुन्या डोंगरापर्यंत पोहोचला. पुढे काळ्या चहाचा मुलूखही त्याने पाहिला, आणि दोन्हीकडची झाडे एकाच जातीची आहेत, भेद आहे तो केवळ पान खुडल्यानंतरच्या क्रियेत, हे त्याने लिहून ठेवले.

फॉर्च्यूनच्या या प्रवासाचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे. त्याने जमविलेली रोपे व बिया काचेच्या बंद पेट्यांतून कलकत्त्यास आणि तेथून गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांतील सरकारी मळ्यांत रवाना झाल्या, आणि १८५१ साली चिनी कारागिरांची एक टोळी घेऊन तो स्वतःही आला. हिमालयाच्या पायथ्याशी, कांगड्याच्या खोऱ्यात, त्याच सुमारास चिनी प्रकारच्या चहाची लागवड सुरू झाली होती, आणि तेथील हिरवा चहा पुढे अमृतसरच्या व्यापाऱ्यांमार्फत मध्य आशियापर्यंत जात असे. म्हणजे हिरवा चहा ही हिंदुस्थानला कालपरवा कळलेली वस्तू नव्हे.

याच प्रवासात फॉर्च्यूनने एक खेदजनक प्रकारही पाहिला. परदेशी गिऱ्हाइकांना चहा अधिक हिरवा दिसावा म्हणून कारखान्यातले कामगार त्यावर निळा रासायनिक रंग आणि जिप्समची पूड चढवीत होते, आणि त्यांचे हात निळे झालेले होते. अशा शंभर पौंड चहाबरोबर पिणाऱ्याच्या पोटात अर्ध्या पौंडाहून अधिक रंग जातो, असा हिशेब त्याने मांडला. चिनी माणसे स्वतः तसला चहा पीत नसत. अस्सल माओफंगचा रंग गडद हिरवा नसतो. किंचित पिवळसर झाक असलेला, जुन्या हस्तिदंतासारखा असतो, हे ध्यानात ठेवावे.

३. वांगे, मोहफुले आणि उसना तांदूळ

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एकाच झाडाचे पान एकदा काळे आणि एकदा हिरवे कसे होते?

वांगे चिरून ताटात तसेच ठेवले तर थोड्याच वेळात त्याच्या फोडी काळपट पडतात, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. म्हणूनच आपण त्या पाण्यात टाकतो. वांग्याच्या गरात काही तुरट द्रव्ये असतात आणि त्यांच्याजवळच, परंतु वेगळ्या कप्प्यांत, एक पाचक द्रव्य असते. वांगे अखंड असेपर्यंत या दोघांची गाठ पडत नाही. सुरीने कप्पे फुटले की ती एकत्र येतात, त्यांत हवेतला प्राणवायू मिसळतो आणि रंग पालटतो. आपल्या अंगणात चैत्राच्या सुमारास वाळत घातलेल्या मोहफुलांचेही असेच आहे: पहाटे वेचलेले फूल मलईच्या रंगाचे असते आणि वाळेपर्यंत ते तांबूस-तपकिरी होऊन जाते.

चहाच्या पानात हीच घडामोड फार जोराने होते. पान खुडून कोमेजू दिले, मग चुरगाळले आणि दमट हवेत काही तास पसरून ठेवले, की ते तांबूस होते, त्याचा सुवास बदलतो, आणि वाळविल्यावर तोच आपला नेहमीचा काळा चहा. या क्रियेला व्यापारात पुष्कळदा ‘आंबविणे’ म्हणतात. तो शब्द चुकीचा आहे, आणि मोहाशी ज्यांचा जन्मभराचा संबंध त्या आपल्या भागातील वाचकांना तर ही चूक चटकन पटेल. मडक्यात भिजविलेला मोह जेव्हा आंबतो तेव्हा त्यात सूक्ष्म जीव काम करीत असतात आणि साखरेचे मद्य बनते. चहाच्या पानात तसले काही घडत नाही. तेथे पानातलीच द्रव्ये, पानातल्याच पाचकाच्या साहाय्याने, हवेशी संयोग पावतात.

मग हिरवा चहा म्हणजे काय? ही घडामोड सुरू होण्यापूर्वीच जिच्यावर बंदी घातली गेली, ती पत्ती. बंदी घालण्याचे साधन एकच: उष्णता. पान खुडल्यानंतर काही तासांच्या आत तापलेल्या कढईत टाकून परतले, की ते पाचक द्रव्य निकामी होते आणि मग पान चुरगाळले तरी काळे पडत नाही. चिनी कारागीर या क्रियेला ज्या शब्दाने संबोधतात त्याचा अर्थ ‘हिरवेपणा मारणे’ असा आहे. हा शब्द प्रथम विचित्र वाटतो, कारण परिणाम तर हिरवेपणा टिकण्यात होतो. परंतु कारागिराच्या मनात येथे रंग नसून पानातला कच्चा, गवताळ वास असतो, आणि तो वास मात्र खरोखरच मरतो.

भाताच्या गिरणीचा दाखला घेतला तर सारे अधिक स्पष्ट होईल. एकाच शेतातले, एकाच वाणाचे धान गिरणीत येते. ते तसेच भरडले तर अरवा तांदूळ निघतो. आधी भिजवून, वाफ देऊन, वाळवून मग भरडले तर उसना. दोन्हींचा रंग वेगळा, शिजण्याची रीत वेगळी, भातही वेगळा. परंतु उसन्या तांदळाचे धान निराळे असते काय, असे आपल्यापैकी कोणी विचारीत नाही, कारण ती क्रिया आपण पाहिलेली आहे. चहाची क्रिया आपण पाहिलेली नाही, एवढाच फरक.

४. पर्वत आणि धुके

ह्वांगशान हा ग्रॅनाइटच्या उभ्या सुळक्यांचा पर्वत आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर, कमलशिखर, १८६४ मीटर उंच आहे. पूर्वी याचे नाव यीशान असे होते. इसवी सन ७४७ मध्ये थांग वंशातील बादशहाच्या फर्मानाने ते बदलून आजचे नाव देण्यात आले. कड्यांच्या भेगांतून उगवलेले वाकडेतिकडे पाइन-जातीचे वृक्ष, गरम पाण्याचे झरे, आणि शिखरांच्या खाली समुद्रासारखा पसरणारा ढगांचा थर यांसाठी तो चिनी चित्रकारांचा आणि कवींचा शतकानुशतके आराध्य विषय राहिला. १९९० साली युनेस्कोने त्याची गणना जागतिक वारशात केली, तीही निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही कसोट्यांवर.

परंतु चित्रकाराला ज्या ढगांचे सौंदर्य भावते, त्यांचे मोल चहाच्या मळेवाल्याला निराळ्या कारणाने वाटते. दक्षिण व पूर्व दिशांकडून येणारी समुद्रावरची ओली हवा डोंगराला अडून वर चढते, वर चढताना गार होते, आणि गार हवेत वाफ मावत नसल्यामुळे तिचे धुके बनते. पर्वताच्या माथ्यावर वर्षातील दोनशेहून अधिक दिवस धुके असते आणि पाऊस दोन हजार मिलिमीटरांहून पुष्कळच अधिक पडतो. उंचीबरोबर उष्णता किती घटते याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: दर शंभर मीटरांस सुमारे ०.६ अंश. खालचे थुनशी शहर दीडशे मीटरांच्या आसपास आणि मळा आठशे मीटरांवर धरला, तर साडेसहाशे मीटरांच्या चढणीत हवा सुमारे चार अंशांनी गार होते.

धुक्याने आणि गारव्याने पानाला काय मिळते? चहाच्या झाडाच्या मुळांत थिअनीन नावाचे एक द्रव्य तयार होते. त्याला एक मधुर, भरीव चव असते. ते मुळांतून कोवळ्या पानांत चढते, आणि पानावर कडक ऊन पडले की त्याचे रूपांतर हळूहळू तुरट द्रव्यांत होऊ लागते. उन्हापुढे ढगांचा पडदा असला तर हे रूपांतर मंदावते, आणि गारव्यामुळे पान सावकाश वाढत असल्याने त्यात रस साठण्यास अवकाश मिळतो. सावलीतल्या पालेभाजीचे पान आणि भर उन्हातल्या निबर झालेल्या भाजीचे पान यांच्या चवीतला भेद गृहिणी जाणतातच. येथे तोच भेद अधिक सूक्ष्म रूपाने आहे. त्यातही हिवाळाभर झाड विश्रांती घेत असते आणि मुळांत संचय करीत असते, म्हणून वसंतातला पहिला अंकुर सर्वांत समृद्ध. चिनी पंचांगातील छिंगमिंग हा पितरांच्या स्मरणाचा दिवस ४ किंवा ५ एप्रिलला येतो. त्याच्या आधी खुडलेल्या पत्तीला सर्वाधिक मान. त्यानंतर पंधरवड्याने, २० एप्रिलच्या सुमारास, ‘धान्यपर्जन्य’ नावाचे दुसरे पर्व येते, आणि तोपर्यंतचा माल उत्तम समजला जातो. पुढचे पान भराभर मोठे होते आणि त्याची किंमतही तशीच भराभर उतरते.

आपल्याकडच्या बायाबापड्या टोपल्या घेऊन पहाटेच्या अंधारात मोहाखाली फुले वेचीत असतात तो हाच काळ.

५. कढई

उत्तम प्रतीच्या माओफंगसाठी खुडणारीचे बोट एक अंकुर आणि त्याला लागून नुकतेच उमलू पाहणारे एकच पान एवढेच उचलते. त्या अंकुराच्या बुडाशी एक अगदी इवलेसे, अर्धवट वाढलेले पान असते. वाळल्यावर ते सोनेरी दिसते, आणि ही सोनेरी पाकळी हे या चहाचे एक ओळखचिन्ह मानले जाते.

सकाळी खुडलेले पान त्याच दिवशी आटोपावे लागते. प्रथम ते निवडून पातळ पसरतात, म्हणजे अंगचे पाणी थोडे उडते. मग सुमारे दीडशे अंश तापलेल्या लोखंडी कढईत एका वेळी मूठ-दोन मुठी, पाव किलोच्या आतबाहेर, पत्ती टाकून कारागीर ती उघड्या हाताने सारखी वर उचलतो आणि झटकून खाली सोडतो. हात थांबला तर पान करपते. आच कमी पडली तर पानाचे देठ तांबडे होतात आणि सारा घाणा बिघडतो. कढईतून काढलेली पत्ती हलक्या हाताने वळतात, आणि अत्युत्तम प्रतीची तर जवळजवळ वळतही नाहीत, कारण लव झडता कामा नये. शेवटी बांबूच्या टोपलीत पसरून कोळशाच्या मंद आचेवर ती दोनदा शेकतात: प्रथम थोडी अधिक आच, मग पुष्कळ वेळ अगदी मंद. हुरडा भाजताना कणसावर आच किती द्यावी हे ज्याप्रमाणे पुस्तकातून कळत नाही, त्याप्रमाणे कढईपुढचा हातही वर्षानुवर्षांच्या सरावानेच तयार होतो.

किंमत एवढी का, याचा एक भाग पुढील हिशेबात आहे. ताज्या पानात शेकडा ७६ भाग पाणी धरू. शंभर किलो पान खुडले, तर त्यात पाण्याखेरीजचा ऐवज निघाला २४ किलो. तयार चहात शेकडा ५ भाग ओल राहू देतात. म्हणजे २४ किलो हा तयार मालाचा शेकडा ९५ भाग झाला, आणि एकंदर माल भरला सव्वापंचवीस किलोंच्या आसपास. चार टोपल्या खुडाव्यात तेव्हा एक टोपली हाती येते, आणि ती चारही टोपल्यांची खुडणी एकेका अंकुरागणिक, चिमटीने, झालेली असते.

६. ह्वेइचौचा मुलूख

ह्वांगशानच्या भोवतालच्या या मुलखाचे जुने नाव ह्वेइचौ. आन्ह्वेइ या प्रांतनामातील उत्तरार्ध याच नावातून आला आहे. १९८७ साली या जिल्ह्याचे नाव बदलून पर्वतावरून ह्वांगशान असे ठेवण्यात आले, आणि जुन्या नावावर जीव असलेल्या तेथील पुष्कळ लोकांना ते आजही रुचलेले नाही. त्यांचे दुःख मला समजू शकते. पर्वताचे नाव प्रवाशांना खेचून आणते, परंतु मुलखाचे नाव पिढ्यांच्या दप्तरांत लिहिलेले असते.

या मुलखात डोंगर फार आणि शेत थोडे. भाताची जमीन माणसांना पुरत नसे. म्हणून तेरा-चौदा वर्षांचे मुलगे घर सोडून परमुलखात दुकानदारी शिकावयास जात, आणि त्यांतूनच मीठ, लाकूड, चहा आणि सावकारी यांवर पिढ्यानुपिढ्या वर्चस्व ठेवणारा ह्वेइचौचा व्यापारीवर्ग उदयास आला. त्यांनी गावी पाठविलेल्या पैशातून उभे राहिलेले पांढऱ्या भिंतींचे आणि काळ्या कौलांचे वाडे शीती आणि हुंगत्सुन या गावांत अजून उभे आहेत; ती दोन्ही गावे २००० साली जागतिक वारशात दाखल झाली. शिनआन नदी या डोंगरांतून पूर्वेकडे वाहत हांगचौपर्यंत जाते, आणि तिच्या काठचे थुनशी हे चहाचे मोठे पेठेचे ठिकाण. रस्ते होण्यापूर्वी चहाच्या पेट्या याच पाण्यावरून खाली जात.

हिरव्या चहाच्या इतिहासात या प्रांताचा आणखी एक ऋणानुबंध आहे. मिंग वंशाचा संस्थापक चू युआनचांग हा आजच्या आन्ह्वेइ प्रांतातील एका दरिद्री शेतकरी घरात जन्मला. त्याच्या पूर्वी दरबारात नजराणा म्हणून जाणारा चहा वाफवून, कुटून, साच्यात दाबून वड्यांच्या रूपात पाठवावा लागे, आणि त्या कामात रयतेचे अतोनात हाल होत. १३९१ साली या बादशहाने वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पत्तीच घेण्याचा हुकूम काढला. त्यानंतर सुट्या पानाची आणि कढईत परतण्याची रीत सर्वत्र पसरली. ज्याने लहानपणी उपासमार भोगली त्याच्या लेखणीतून हा हुकूम उतरावा, यात मला इतिहासाची एक संगती दिसते.

माओफंग त्या मानाने अर्वाचीन. श्ये चंग-आन नावाच्या स्थानिक व्यापाऱ्याने १८७५च्या सुमारास उंचावरच्या बागांतील कोवळे अंकुर तेवढे निवडून हा चहा घडविला आणि शांघायच्या बाजारात नेला. आणि आता पहिल्या प्रश्नाचे साक्षात उत्तर: त्याच १८७५-७६च्या सुमारास, त्याच मुलखातील चीमन नावाच्या शेजारच्या भागात, जेथे तोवर हिरवाच चहा होत असे, तेथे लोकांनी काळा चहा करण्यास आरंभ केला. तो चीमन चहा आज जगातील नामांकित काळ्या चहांत गणला जातो. डोंगर तेच, कूळ तेच, दशकही तेच. एका खोऱ्यात कढई तापली आणि दुसऱ्या खोऱ्यात पान पसरून ठेवले गेले.

७. आमच्या जंगलात का नाही?

गोंडपिपरी तालुका वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधल्या भूमीत वसलेला आहे. पुढे या दोन्ही नद्या एकत्र होऊन प्राणहिता होते. पाऊस येथे सुमारे १२०० मिलिमीटर, म्हणजे काही थोडा नव्हे. परंतु तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. चहाच्या झाडाला आम्लधर्मी जमीन, निचरा आणि वर्षभर थोडीथोडी ओल लागते. आठ कोरडे महिने ते सोसू शकत नाही.

उंची नाही म्हणून चहा येत नाही, असे कोणी म्हणेल तर ते अपुरे उत्तर होय. आसामचे मळे समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाहीत, तरी तेथे चहा उदंड होतो, कारण हवा बारमाही दमट असते. उंचीने चव सूक्ष्म होते, झाड जगते ते ओलीवर. आपल्या विदर्भातच चिखलदऱ्याला, अकराशे मीटरांवर, कॉफीची झाडे आहेत. तो गारवा आणि ती सावली या सपाटीवर मिळणार नाही.

परंतु पानावर पोट असणारा मुलूख तर हाही आहे. उन्हाळ्याच्या तोंडी टेंभुर्णीची झुडपे छाटली जातात, त्यांना नवी कोवळी पालवी फुटते, आणि एप्रिल-मेमध्ये घरेच्या घरे पहाटे रानात जाऊन तेंदूपत्ता तोडतात. चहाच्या झाडालाही छाटूनच कमरेएवढे ठेवतात, कारण मोकळे सोडले तर त्याचा वृक्ष होतो. छाटणीतून कोवळे पान मिळवावे ही युक्ती दोन्हीकडे समान आहे. तोडलेले पान त्याच दिवशी सत्तर-सत्तरांच्या पुड्यांत बांधतात, असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने; मग ती उन्हात दिवसेंदिवस उलटीपालटी करून वाळवतात, आणि मध्येच वळवाचा पाऊस आला तर सारा हंगाम डागाळतो. कोवळे, लवचिक, बारीक शिरांचे पान ओळखणारी आमच्या बायकांची बोटे ह्वांगशानच्या खुडणारीच्या बोटांहून तसूभरही कमी जाणती नाहीत. भेद पुढे पडतो. माओफंगची कढई गावातच तापते आणि पान चहा होऊनच डोंगर उतरते. आमचे पान नुसते वाळून गोणीत जाते, आणि त्याची विडी सिन्नर, सोलापूर किंवा तेलंगणातल्या घरांत वळली जाते. मोलाचा मोठा हिस्सा तिकडेच राहतो. पिढ्यानुपिढ्या हा माल लिलावाने ठेकेदाराच्या हाती जाई. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर या भागातील अनेक ग्रामसभा आपला तेंदूपत्ता आपणच विकू लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

याच तालुक्यातील पाचगावने एक वेगळाच निर्णय घेतला. २०१२ साली या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने विचार केला की, पत्त्यासाठी झाडे छाटली जातात, रानाला आगी लावल्या जातात, आणि टेंभरे पिकण्यापूर्वीच फांदी जाते. म्हणून तेंदूपत्ता तोडणेच थांबवावे. बांबूच्या विक्रीवर गावाने आपली मिळकत उभी केली. प्रत्येक गावाला हे साधेल असे मी म्हणत नाही. परंतु कोणते पान तोडावे आणि कोणते झाडावर राहू द्यावे हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती यावयास हवा होता त्यांच्या हाती तो येथे आला, आणि त्यांनी तो विचारपूर्वक वापरला.

८. पेल्यात

हिरवा चहा आणून तो आपल्या नेहमीच्या रीतीने, दूध-साखर घालून, खळखळ उकळणाऱ्यांना तो कडू लागतो आणि पेटी फळीवर पडून राहते. दोष चहाचा नसतो. आपली दाणेदार पत्ती ही यंत्राच्या दातांतून चिरडून, फाडून, गोळ्या वळून केलेली असते. ही यंत्रे १९३०च्या सुमारास आसामात प्रथम आली. ती पत्ती उकळीसाठी आणि दुधासाठीच घडविलेली आहे. हिरव्या पानातली तुरट द्रव्ये मात्र उकळत्या पाण्यात एकदम उतरतात आणि मधुर चव दडपून जाते. म्हणून पाणी उकळून खाली उतरवावे, चार-पाच मिनिटे निवू द्यावे, म्हणजे ते ८० ते ८५ अंशांवर येते; मग काचेच्या पेल्यात लहान चमचाभर पत्तीवर ते ओतून दोन-तीन मिनिटे थांबावे. दूध घालू नये, कारण दुधातली प्रथिने त्याच द्रव्यांना धरून बसतात. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही पाणी ओतता येते.

याने वजन उतरते काय, असे हमखास विचारले जाते. जेवण आणि कष्ट तसेच ठेवून नुसत्या चहाने कोणी बारीक होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दुसरी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि निश्चित आहे: चहा हिरवा असो वा काळा, जेवणाबरोबर घेतला तर भाजी-भाकरीतले लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. आपल्या भागातील मुलीबाळींत आणि बाळंतिणींत रक्त कमी असण्याची तक्रार घरोघर आहे. तेव्हा जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर अवश्य ठेवावे.

आणि कधी अस्सल माओफंग कोणी आणून दिला, तर तो पिऊन झाल्यावर पेल्यातली भिजलेली पत्ती फेकण्यापूर्वी पांढऱ्या बशीत पसरून पाहा. पाण्याने फुगून प्रत्येक कण पुन्हा उलगडलेला असतो: एक अंकुर, त्याला बिलगलेले एक पान, आणि देठाशी जेथून ते बोटांनी मोडले ती ताजी जागा.